लिहून घेतलेल्याचं पुढे काय होतं?

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दाखल झाल्यापासून संध्याकाळपर्यंत तिला सात जणांनी नाव विचारलं. आठव्यांदा सिस्टर सलाईन लावायला आल्या आणि म्हणाल्या, "आजी, पूर्ण नाव सांगा." आई वैतागली. "अगं बाई, सकाळपासून तेच सांगतेय. हातात पट्टी बांधलीय, त्यावर लिहिलंय की!" सिस्टर हसून म्हणाल्या, "पट्टी मी वाचणारच आहे. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

रात्री आईनं मला विचारलं, "हे सगळं लिहून घेतात, ताप किती, लघवी किती, सुई कधी टोचली, त्याचं पुढे काय होतं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटायचं, केसपेपरची फाईल बांधून कुठल्यातरी तळघरात जात असेल. पुष्कळदा ती जातेही. पण त्याच माहितीचा नीट उपयोग केला तर पुढच्या रुग्णाचा जीव वाचतो. ते कसं, हे एकेक पायरी चढत पाहू.

१. दोन सुनंदा जाधव

समजा, एका वॉर्डात दहा नंबरच्या खाटेवर सुनंदा जाधव आहेत आणि चौदा नंबरवरही सुनंदा जाधव आहेत. पुण्यात ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. एकीला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन द्यायचंय. दुसरीला नाही. दुपारी सफाईसाठी खाटा हलवल्या, दहा नंबरच्या मधुमेही बाई बारावर गेल्या, चौदाच्या दहावर आल्या. रात्रपाळीच्या सिस्टरना ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देताना कुणीतरी सवयीनं "दहा नंबरला इन्सुलिन" म्हणून गेलं. आता चुकायला फार काही लागत नाही.

इस्त्रीवाला कॉलरच्या आत शाईची बारीक खूण करतो. शर्टाच्या रंगावर तो विसंबत नाही, कारण निळे शर्ट पन्नास असतात. रुग्णालयातही खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, नुसतं नाव ही पुरेशी ओळख नव्हे. किमान दोन खुणा जुळाव्या लागतात: पूर्ण नाव, आणि दाखल होताना मिळालेला नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख.

प्रश्न कसा विचारला जातो यालाही महत्त्व आहे. "तुम्ही सुनंदा जाधव ना?" असं विचारलं, तर गुंगीतला माणूस काहीही ऐकून "हो" म्हणतो. म्हणून "नाव सांगा" असं विचारायचं असतं. आईला ज्याचा कंटाळा आला होता, तो प्रश्न नेमका असा होता.

माहितीच्या सगळ्या इमारतीचा पाया इथे आहे. रक्ताचा अहवाल, एक्स-रे, औषधांची यादी हे सगळं योग्य माणसाच्या नावावर चढलं तरच पुढचं गणित. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. त्यातला चौदा आकडी आभा क्रमांक याच गरजेतून आला: एकाच माणसाची वेगवेगळ्या दवाखान्यांतली कागदपत्रं, त्याच्या संमतीनं, एका धाग्यात ओवता यावीत.

२. वर किती, खाली किती

आता मोजणीकडे येऊ. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णाच्या मानेजवळच्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात. तिला सेंट्रल लाईन म्हणतात. औषधं थेट रक्तात पोचवणारी ही नळी फार उपयोगाची, पण तिच्या वाटेनं जंतूही आत जाऊ शकतात.

समजा, एका महिन्यात 'क' रुग्णालयात असे चार संसर्ग झाले आणि 'ख' रुग्णालयात दोन. कोणतं बरं? घाईनं 'ख' म्हणू नका. शाळेत अंश आणि छेद शिकलो होतो, तो छेद अजून आपण विचारलेलाच नाही.

बांधकामावरचा मुकादम रोज सकाळी हजेरी लावतो. पाच मजूर चार दिवस आले की वीस रोज भरतात. तसंच अतिदक्षता विभागातल्या सिस्टर दररोज ठरलेल्या वेळी मोजतात, आज किती रुग्णांना लाईन आहे? आज २६, उद्या २८, परवा २५. महिनाभराची बेरीज म्हणजे 'लाईन-दिवस'. 'क' मोठं रुग्णालय आहे, तिथे ८०० लाईन-दिवस भरले. 'ख' छोटं, तिथे १६०. आता भागाकार करा. 'क'मध्ये हजार लाईन-दिवसांमागे ५ संसर्ग, 'ख'मध्ये साडेबारा. चार संसर्ग झालेलं रुग्णालय दोन संसर्ग झालेल्यापेक्षा अडीचपट सुरक्षित निघालं.

ही रोजची हजेरी म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते एक दिवस राहिलं तर महिन्याचा आकडा लंगडा होतो. माझ्या मते रुग्णालयाच्या गुणवत्तेची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा हीच आहे: छेद रोज मोजला जातो का? वरचा आकडा लपवता येतो, फुगवता येतो. छेदाकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तो निष्ठेनंच मोजावा लागतो.

आणि मोजून काय साधतं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टी नेमानं करायच्या ठरवल्या: हात धुणं, लाईन घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडानं झाकणं, योग्य जंतुनाशकानं त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपली की लाईन काढून टाकणं. सोबत दर महिन्याला आपापला आकडा पाहायचा. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळे विभाग उतरत्या क्रमानं मांडले तर मधोमध येणाऱ्या विभागाचा दर हजार लाईन-दिवसांमागे २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

३. आज किती टीएमसी?

जुलै उजाडला की पुणेकर सकाळी वर्तमानपत्रात आधी धरणांचा साठा पाहतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). आज साडेअठरा भरलं, म्हणजे आनंद करायचा की काळजी? एकट्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून शेजारी छापतात, 'गेल्या वर्षी याच दिवशी'. चार-पाच वर्षांच्या आकड्यांची ओळ डोळ्यांपुढे असली की आजचा आकडा आपोआप बोलायला लागतो.

रुग्णालयाच्या आकड्यांबाबत मात्र आपण हे विसरतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यांत १२ अर्भकं होती. सारा महाराष्ट्र हादरला, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं कमी होती का, मनुष्यबळ कमी होतं का, रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले होते का, यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. त्या चोवीस घरांच्या दुःखापुढे कुठलंही गणित थिटं आहे. पण पुढचं दुःख टाळायचं असेल तर प्रश्न असा हवा: या रुग्णालयात रोजचे मृत्यू किती होत होते, दाखल किती होत होते, त्यांत गंभीर किती, आणि ही रेषा कधीपासून चढत होती? हा आलेख अधीक्षकांच्या भिंतीवर रोज असेल, तर चोविसाव्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही.

कोणता चढ नेहमीचा आणि कोणता धोक्याचा, हे ओळखायची एक साधी रीत वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकी अभियंत्यानं १९२४ साली कारखान्यांसाठी काढली. रीत अशी: एका वॉर्डात दर महिन्याला रुग्ण पडण्याच्या घटना मोजल्या. ३, ५, ४, २, ६, ४, ३, ५... सरासरी चार. चाराचं वर्गमूळ दोन, त्याची तिप्पट सहा, आणि चार अधिक सहा म्हणजे दहा. ही झाली वरची मर्यादा. एखाद्या महिन्यात सहा पडले म्हणून सिस्टरना धारेवर धरायचं नाही, कारण तो नेहमीचा हेलकावा आहे. अकरा पडले तर मात्र त्याच दिवशी बसून कारण शोधायचं. आणि सलग आठ महिने आकडा सरासरीच्या वरच राहिला, तर मर्यादा न ओलांडताही काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

कारण शोधायला वेळेचा रकाना कामी येतो. समजा, वर्षभरातल्या निम्म्याहून अधिक घटना पहाटे चार ते सहामध्ये घडलेल्या दिसल्या. मग उलगडतं: रात्री लघवीचं औषध, पहाटे घाई, अंधार, ओली फरशी, आणि हाक मारायला संकोच. उपाय म्हणजे साडेतीनला मावशींनी एक फेरी मारायची आणि "आजोबा, बाथरूमला जायचंय का?" विचारायचं. फॉर्मवर 'पेशंट पडला, रात्री' एवढंच लिहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

४. जी चूक घडलीच नाही

आता सगळ्यात अवघड माहिती, कारण ती कुणाला द्यावीशी वाटत नाही.

सलाईनमध्ये मिसळायचं पोटॅशियम क्लोराईड पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. त्याची कुपी आणि इंजेक्शन विरघळवायच्या निर्जंतुक पाण्याची कुपी काही वेळा इतक्या सारख्या असतात की रात्री तीन वाजता, ट्यूबलाईटच्या उजेडात, दमलेल्या डोळ्यांना फरक कळत नाही. एका सिस्टरनं कुपी उचलली, फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि टोचण्याआधी लेबल पुन्हा वाचलं. पोटात गोळा आला. औषध फेकून दिलं, दुसरं भरलं, रुग्णाला काहीही झालं नाही.

तिनं हे कुणाला सांगावं का?

सांगितलं आणि मेमो मिळाला, तर ती पुन्हा आयुष्यात सांगणार नाही. तिच्या मैत्रिणीही सांगणार नाहीत. आणि तीच कुपी, त्याच ट्रेवर, पुढच्या रात्रीची वाट पाहत राहील. सांगितलं आणि तिचे आभार मानून दुसऱ्या दिवशी पोटॅशियम वॉर्डातल्या ट्रेवरून उचलून वेगळ्या कुलपात, लाल पट्टी लावून ठेवलं, तर एका न घडलेल्या चुकीनं एक मरण टळलं. अशा थोडक्यात हुकलेल्या घटनेला रुग्णालयात 'नियर मिस' म्हणतात.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचं उदाहरण दिलं. आपल्या घरात चाळण्या आहेत. चार चाळण्या एकावर एक ठेवा. एकीतून निसटलेला खडा दुसरीत अडकतो. डॉक्टरांची चिठ्ठी, फार्मासिस्टची तपासणी, सिस्टरचं लेबल-वाचन, रुग्णाचा स्वतःचा प्रश्न, अशा या चाळण्या. चारही चाळण्यांची भोकं एका रेषेत आली की खडा थेट खाली. म्हणून शेवटच्या चाळणीला, म्हणजे बहुधा सिस्टरला, एकटीला दोष देणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे.

यातून एक उलटं वाटणारं गणित निघतं. एका रुग्णालयात महिन्याला सहा घटनांची नोंद व्हायची. कर्मचाऱ्यांना अभय दिल्यावर ती चाळीसवर गेली. रुग्णालय बिघडलं का? नाही, बोलायला लागलं. नोंदी वाढाव्यात आणि प्रत्यक्ष इजा कमी व्हाव्यात, ही खरी प्रगती. नोंदवहीच कोरी असेल, तर मला तिथे आईला ठेवायला भीती वाटेल.

आपणही नोंद देऊ शकतो. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवण्यासाठी २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे आणि त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं.

५. एकाच आजाराची चार नावं

एक डॉक्टर लिहितात 'हार्ट अटॅक', दुसरे 'एमआय', तिसरे पूर्ण 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', आणि नातेवाईक सांगतात 'झटका आला होता'. माणसाला कळतं की गोष्ट एकच. संगणकाला हे चार वेगळे आजार वाटतात, आणि मोजणी कोसळते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला ही अडचण १८६० सालीच दिसली होती. कंदील घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून आपण तिला ओळखतो, पण ती कसलेली संख्याशास्त्रज्ञ होती. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तिनं सगळ्या रुग्णालयांनी एकच तक्ता, आजारांची एकच नावं वापरावीत असा प्रस्ताव मांडला.

आज वैद्यकीय शब्दांचा असा एक मोठा जागतिक कोश आहे, 'स्नोमेड सीटी'. प्रत्येक आजाराला त्यात एक क्रमांक असतो, नावं कितीही असोत. भारत २०१४ मध्ये त्यात सामील झाला आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र चालवते आपल्या पुण्यातलीच सी-डॅक. परम संगणकासाठी जिचं नाव आपण अभिमानानं घेतो, ती संस्था हे बिनगाजावाजाचं कामही करते. मला ते परमइतकंच मोलाचं वाटतं.

६. सिंहगड रस्ता, जानेवारी २०२५

आतापर्यंत एकाच रुग्णालयाच्या भिंतीआड होतो. आता बाहेर पडू.

गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा आजार बहुतेकांनी २०२५ च्या जानेवारीत पहिल्यांदा ऐकला. अनेकदा जुलाब किंवा तापानंतर शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांतली शक्ती जाते, अशक्तपणा वर सरकतो, आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो.

हा आजार एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. पुण्याची लोकसंख्या ४० लाख धरली तर वर्षाला ४० ते ८०, म्हणजे महिन्याला तीन ते सात. आजूबाजूची गावं आणि पिंपरी-चिंचवड धरून दुप्पट केली तरी महिन्याला फार तर तेरा-चौदा. आता असं समजा की शहरातल्या दहा मोठ्या रुग्णालयांत त्या पंधरवड्यात प्रत्येकी दोन-तीन रुग्ण आले. एकेका डॉक्टरला ते जरा जास्त वाटतील, एवढंच. साथ कुणा एकाच्या वॉर्डात नव्हती, ती बेरजेत होती.

डॉक्टरांनी महापालिकेला कळवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात संशयितांचा आकडा दोन डझनांच्या आसपास गेला. राज्य सरकारनं शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं. महिनाअखेरीस आकडा शंभराच्या पुढे होता, फेब्रुवारीत दोनशेच्या पुढे.

बेरजेनं साथ आहे हे सांगितलं. कुठे आहे हे सांगितलं पत्त्याच्या रकान्यानं. किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव, नांदोशी, म्हणजे सिंहगड रस्त्याचा पट्टा. तपासाची दिशा पाण्याकडे वळली, विहिरीचे नमुने घेतले गेले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, शहरातच. तिथल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. जीबीएसच्या आधी होणाऱ्या पोटाच्या संसर्गांत हा जिवाणू जगभर कुप्रसिद्ध आहे.

आता दाखल करून घेणाऱ्या काउंटरवरच्या कारकुनाचा विचार करा. मागे रांग आहे, नातेवाईक रडताहेत, आणि पत्त्याच्या रकान्यात त्यानं नुसतं 'पुणे' लिहिलं. बिल करायला तेवढं पुरतं. पण साठ रुग्णांचा पत्ता 'पुणे' एवढाच असेल, तर नकाशावर टाचणी लावायची कुठे? 'किरकटवाडी' हा एक शब्द लिहायला लागणारे तीन सेकंद म्हणजे त्या साथीच्या तपासातलं अर्धं काम होतं. हे त्या कारकुनाला कुणी कधी सांगतं का?

७. पडद्यावरची खाट

संगणक आला की सगळं आपोआप होईल, ही समजूत करोनानं मोडली. २०२० मध्ये पुणे विभागात खाटांची माहिती देणारा डॅशबोर्ड सुरू झाला. कल्पना उत्तमच होती: नातेवाईकांनी दारोदार फिरू नये. पण खाट रिकामी होणं हा एक क्षण नसतो. डिस्चार्ज सकाळी अकराला लिहिला, बिल दोनला झालं, रुग्णवाहिका चारला आली, खाट पाचला पुसून तयार झाली. आणि पडद्यावर आकडा बदलणारा माणूस तोच, जो फोनही उचलतोय. म्हणून अशा पडद्यावर आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते त्याखालचं 'शेवटची नोंद किती वाजता'.

वॉर्डातही तेच. तापाच्या तक्त्यावर रात्री दहा, दोन आणि सहाच्या नोंदी असतात. संगणकाला मात्र त्या कधी भरल्या हेही ठाऊक असतं, आणि कधीकधी तिन्ही सकाळी सात पन्नासला, ओव्हर द्यायच्या दहा मिनिटं आधी, भरलेल्या दिसतात. यावर सिस्टरला नोटीस देणं सोपं आहे. आधी मोजावं की त्या रात्री तिच्याकडे रुग्ण किती होते, आणि तेच आकडे तिला कागदावर आणि संगणकावर असे दोनदा लिहावे लागतात का. खोटी नोंद बहुतेक वेळा कामाच्या ओझ्याचं खरं मोजमाप असते.

रुग्णाशिवायही काही नोंदी असतात, ऑक्सिजन टाकीचा दाब, विजेची तपासणी, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीनं दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजन थांबला आणि किमान २२ रुग्ण दगावले. अशा तपासण्यांचे अहवाल सगळीकडे असतात. त्यांत 'त्रुटी आढळली' या रकान्याशेजारी 'कुणी, कोणत्या तारखेला दूर केली' हा रकाना असायला हवा, आणि तो भरेपर्यंत दर आठवड्याला अधीक्षकांच्या टेबलावर पुन्हा यायला हवा.

आईच्या डिस्चार्जच्या दिवशी मी क्वालिटी विभागात जाऊन विचारलं, "ऑपरेशनच्या जखमेतल्या संसर्गाचं तुमचं प्रमाण किती?" तिथल्या बाईंनी ड्रॉवरमधून वर्षभराचा आलेख काढला. मार्चमध्ये एक उंच टोक होतं, त्यावर पेन्सिलीनं बाण काढून काय सापडलं आणि काय बदललं ते लिहिलं होतं. तुम्हीही विचारा. कुणी "आमच्याकडे संसर्ग होतच नाही, शून्य" म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारा, "किती ऑपरेशनांमागे? आणि घरी गेल्यावर महिनाभरानं फोन करून जखम कशी आहे ते विचारलंत का?"